घाटात गाडी दम सोडते आणि गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेला, तर आधी काय काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१४ ची सात सीटर डिझेल गाडी, १.३ लिटरचं ९० पीएसवालं इंजिन, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. चिपळूणहून कराडला येताना पोफळी सोडून कुंभार्लीचा चढ लागला की गाडी ओढायचं सोडते, २२०० च्या वर आरपीएम चढत नाही, मागून काळा धूर, पुढून सुस्स असा काहीतरी आवाज. एकदा चेक इंजिनचा दिवा लागला, गाडी बंद करून परत चालू केली तर गेला. सपाटीला बरी चालते. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोनदा रेस केली आणि सांगितलं टर्बो गेलाय, ४५ हजार. टाकू का नवीन?

नका टाकू. निदान आत्ता तरी नका टाकू.

मी बावीस वर्षं झाली कराडला गॅरेज चालवतोय, त्यातली पंधरा तरी कॉमन रेल डिझेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच रेल नावाच्या नळीतून मोठ्या दाबाने डिझेल देणारी इंजिनं) गेलीत, आणि "टर्बो गेला" म्हणून माझ्याकडे टो होऊन आलेल्या गाड्यांमध्ये टर्बो खरंच गेलेला फार थोड्यांचा असतो. टर्बो, म्हणजे इंजिनला हवा दाबून देणारा पंखा, हा बिचारा सगळ्यात महाग आणि सगळ्यांना नाव माहीत असलेला पार्ट, त्यामुळे पिकअप गेला की आळ त्याच्यावर. तुम्ही जे लिहिलंय त्यात बरंचसं उत्तर आधीच आहे, फक्त ते वाचायला पाहिजे. काळा धूर, सुस्स आवाज, लोड आला की होणं, आणि चावी बंद-चालू केली की ठीक होणं, या चार गोष्टी एकत्र आल्या की माझं डोकं टर्बोकडे नाही, टर्बोच्या पुढच्या पाइपांकडे जातं.

पण आधी दोन मिनिटं इंजिन सोडून बाकीचं बघून घ्या, कारण "दम नाही" म्हणजे दर वेळी इंजिनच असतं असं नाही. चौथ्या गिअरला ५० च्या स्पीडला एक्सलेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि स्पीड आहे तिथंच राहिला तर क्लच स्लिप होतोय, इंजिनला काही झालेलं नाही. घाट चढून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा, हात लावू नका, नुसता जवळ न्या, एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर ब्रेकचा कॅलिपर पकडलाय आणि तुम्ही ब्रेक लावून घाट चढताय. आणि हसू नका पण एक्सलेटरच्या खाली मॅट बघा. नवीन जाड मॅट टाकलं आणि पेडल तीन चतुर्थांशच दाबलं जातंय अशा गाड्या मी स्वतः बघितल्यात, एका गाडीला तर त्यासाठी आधी डिझेल फिल्टर, मग एअर फिल्टर असं सगळं बदलून झालं होतं. तुमच्या केसमध्ये काळा धूर आहे त्यामुळे हे तिन्ही बहुतेक नसणार, पण फुकटचं आहे, बघून टाका.

आता धूर. डिझेल गाडीत पिकअप गेल्यावर माझा पहिला प्रश्न हाच असतो, धूर येतो का आणि कसला. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण त्याला जाळायला हवा कमी पडतेय. धूरच नाही आणि दमही नाही म्हणजे डिझेलच कमी मिळतंय, किंवा ईसीएमने (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) मुद्दाम हात आखडता घेतलाय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा कूलंट आत जातंय. एवढ्या एका गोष्टीवर निम्मं बॉनेट बाजूला होतं. तुमचा काळा आहे, म्हणजे आपण हवेच्या बाजूला आहोत, इंजेक्टर आणि पंपवाल्यांच्या दुकानात आत्ता जायचं नाही.

हवा कमी पडली तर गाडीला कळत कसं नाही, असं कोणी विचारतं. हवा मोजणारा सेन्सर बसवलेला असतो एअर फिल्टरच्या लगेच पुढे. तिथून हवा टर्बोत जाते, दाबून बाहेर येते, पाइपातून इंटरकूलरला (ही तापलेली हवा थंड करणारी जाळी), तिथून दुसऱ्या पाइपातून इंजिनला. मोजणी सुरुवातीला झाली आणि मधल्या पाइपाला चीर असेल तर मोजलेल्यातली थोडी हवा वाटेतच गेली. ईसीएमने मात्र मोजलेल्या हवेच्या हिशोबाने डिझेल सोडलेलं असतं. म्हणजे नळावर पाच कप पाणी मोजून घेतलं, चुलीपर्यंत येताना दोन कप सांडलं, आणि पावडर टाकली पाच कपांची. चहा काळाकुट्ट होणारच. तो तुमचा काळा धूर. आणि गाडी उभी असताना नुसती रेस करून हे दिसत नाही, कारण लोड नसताना टर्बो दाब फारसा बनवतच नाही, चीर मिटलेली राहते. सात माणसं आणि वर कॅरिअरला बॅगा घेऊन तिसऱ्या गिअरवर चढ लागला की पाइपात जवळपास एक बारच्या वर दाब येतो आणि चीर तोंड उघडते. म्हणून सपाटीला बरी, घाटात मेली.

दिवा लागून गेला याचा अर्थ आजार गेला असा नाही. ईसीएमने बघितलं की मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यात फार फरक पडतोय, तेव्हा त्याने इंजिन वाचवायला पॉवर कापली, याला लिम्प मोड म्हणतात, त्यात आरपीएम अडवून धरतात, तुमचं २२०० ला अडकणं तेच असणार. चावी बंद-चालू केली की बऱ्याच गाड्यांमध्ये पॉवर परत मिळते पण कोड, म्हणजे फॉल्टचा नंबर, आत लिहिलेला राहतो. आणि तो कोड वाचायच्या आधी पुसू नका, कोणाला पुसू देऊ नका, बॅटरी काढू नका. कोडबरोबर फ्रीज फ्रेम म्हणून एक नोंद असते, फॉल्ट आला त्या क्षणी आरपीएम किती, स्पीड किती, लोड किती, इंजिन किती तापलेलं, सगळं. आमच्यासाठी ते सोनं आहे. स्कॅनर लावून पहिलं काम "इरेज" दाबणारे लोक बघितले की माझा पारा चढतो.

तुम्ही स्वतः करणार असाल तर कोड वाचणारा ओबीडीचा ब्लूटूथ डोंगल हजार-बाराशेच्या आसपास मिळतो, मोबाइलवर ॲप टाकायचं. पोर्ट स्टीअरिंगच्या खाली डॅशबोर्डमध्ये असतो. पी०२९९ आला तर बूस्ट, म्हणजे टर्बोने बनवलेला हवेचा दाब, कमी. पी०२३४ आला तर बूस्ट जास्त, हे वेगळं प्रकरण आहे, खाली सांगतो. पी०१०१ आला तर हवेच्या मोजणीत गडबड. पी००८७ आला तर रेलमध्ये डिझेलचा दाब कमी, मग माझं आत्तापर्यंतचं सगळं बोलणं बाजूला ठेवून इंधनाकडे जायचं. आणि कोड म्हणजे निकाल नाही हं, पी०२९९ चा अर्थ "टर्बो बदला" असा कुठेही लिहिलेला नाही, दाब कमी आहे एवढंच तो सांगतो, का कमी आहे ते शोधायचं काम आपलं.

आता हात काळे करायचं काम, इंजिन थंड असताना. एअर फिल्टर काढून बघा आधी. आपल्याकडे लाल माती, त्यात पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस उभी राहिली की उंदीर फिल्टर बॉक्समध्ये संसार मांडतात, शेंगांची टरफलं, बोचक्याच्या चिंध्या, सगळं निघतं. लोकल फिल्टर टाकला असेल तर कागद आत ओढला जाऊन चपटा झालाय का तेही बघा.

मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत दोन्ही पाइप, हाताने चाचपडत. बघून नाही, चाचपडत. चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या कडेला किंवा पाइप वळतो तिथे असते, वरून नवाकोरा दिसतो. पाइप दोन्ही हातांनी पिळून वाकवा. एक खूण सांगतो: या पाइपांत ब्रीदरमधून (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणारी नळी) येणारं थोडं ऑइल नेहमीच असतं, त्यामुळे जिथून हवा फुटते तिथे बाहेरून ऑइलचा ओलसर काळा पट्टा उमटतो आणि त्यावर धूळ चिकटते. बाकी पाइप कोरडा आणि एकाच जागी तळहाताएवढा चिकट डाग असेल तर बोट तिथेच ठेवा. मागच्या वर्षी पाटणची एक गाडी आली होती, दोन ठिकाणी दाखवून झालेली. खालच्या पाइपाला मी हात घातला तर काहीच नाही, गुळगुळीत. पाइप काढून बाकावर घेतला आणि वाकवला तर बोटभर लांबीची चीर, माशाच्या तोंडासारखी उघडली, सोडलं की परत मिटली, शोधून सापडेना. गाडीचे मालक शेजारी उभे होते, त्यांनी तो पाइप माझ्या हातातून घेऊन पाच-सहा वेळा वाकवून बघितला आणि एकच म्हणाले, "याच्यासाठी टर्बो काढायला निघालते होय?"

नुसत्या हाताने नाही सापडलं तर प्रेशर टेस्ट. टर्बोच्या बाहेरच्या तोंडाचा पाइप सोडवायचा, पीव्हीसीच्या एंड कॅपमध्ये ट्यूबलेस टायरचा वॉल्व बसवून तो बूच पाइपाला क्लॅम्पने आवळायचा, आणि हवेच्या टाकीवरून १५ पीएसआयपर्यंत हवा सोडायची, जास्त नाही. साबणाचं पाणी ब्रशने मारत जायचं. थोडी हवा इंजिनमधून जातेच, ती धरू नका, बुडबुडे कुठे येतात ते बघा. इंटरकूलर स्वतः पण बघा, पुढच्या बंपरमागे असतो, दगड लागून प्लास्टिकच्या टाकीचा सांधा सुटलेला असतो कधी कधी. आणि हो, चीर सापडली तर एमसील, टेप, ट्यूबचं रबर गुंडाळून तार मारणं वगैरे घरी येण्यापुरतं ठीक आहे, कायमचं नाही, दाबाला आणि ऑइलला ते टिकत नाही. पाइप नवीन टाका, तोही आतून धाग्याचा थर असलेला.

पाइप ठीक निघाले तर पुढचा संशयित व्हॅक्यूमची बारीक नळी. तुमचं इंजिन ९० पीएसवालं म्हणजे त्याला व्हीजीटी टर्बो आहे, आत पात्या असतात आणि त्या कमी-जास्त उघडून टर्बो दाब सांभाळतो. या पात्या हलवणारा एक डबा असतो, ॲक्च्युएटर, त्याला एक दांडी, आणि डबा चालतो व्हॅक्यूमवर. ब्रेकला जो व्हॅक्यूम पंप असतो त्याच्यावरूनच नळी येते, मध्ये एक सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा वॉल्व), मग डबा. नळी कुठे चिरली, उंदराने कुरतडली, घासून भोक पडलं की दांडी पूर्ण ओढली जात नाही, पात्या उघड्या राहतात आणि टर्बो नुसता फिरतो, दाब बनवत नाही. टर्बो हजारो रुपयांचा आणि नळी फुटावर मिळणारी.

तपासायचं सोपं आहे. एकाने गाडी चालू करायची, दुसऱ्याने दांडीकडे बघायचं. चालू होताच दांडी दीड-एक सेंटीमीटर सरकली पाहिजे आणि बंद केल्यावर परत आली पाहिजे. हललीच नाही किंवा अर्धवट हलली तर नळ्या एकेक काढून तपासा. हँड व्हॅक्यूम पंप असेल तर डब्याला लावून ओढा, काटा मिनिटभर तरी जागेवर थांबला पाहिजे, पडत गेला तर डब्याचा पडदा फाटलाय. पंप नसेल तर आमच्या उस्तादांची पद्धत: नळी पुसून एक टोक बोटाने बंद करायचं, दुसऱ्या टोकाने तोंडाने हवा ओढायची आणि जिभेचं टोक लावायचं. नळी चांगली असेल तर जिभेला चिकटून लोंबकळते. सुटून पडली तर भोक आहे. एका गाडीला नवा टर्बो बसून महिना झाला होता आणि घाटात तेच रडगाणं. बॅटरीच्या ट्रेच्या कडेला नळी घासून सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं, जिभेवर दोन सेकंदही टिकली नाही. आठ इंचाचा तुकडा बदलला. मालकाला बिल काय देऊ तेच मला कळेना, त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

व्हीजीटीमध्ये अजून एक ओळख सांगतो, गाडी चालवताना कळणारी. खालून, म्हणजे दीड-दोन हजारापर्यंत, गाडी एकदम मेल्यासारखी आणि तीन हजाराच्या पुढे थोडीफार जान येते, तर पात्या उघड्या अडकल्यात किंवा व्हॅक्यूम मिळत नाही. उलट खालून मस्त खेचते, आणि मग भर रेसमध्ये कोणीतरी मागून दोरी ओढल्यासारखी अचानक कापते, तर पात्या बंद बाजूला अडकल्यात, दाब गरजेपेक्षा जास्त होतोय, कोड बहुतेक पी०२३४ येणार. हे कार्बनने होतं, कायम शहरात टुकूटुकू चालवलेल्या गाडीत जास्त. त्याला पण लगेच नवा टर्बो लागत नाही, बऱ्याच वेळा काढून साफ करून दांडी मोकळी झाली की काम होतं. दांडीचा सेटिंग स्क्रू मात्र कोणाला फिरवू देऊ नका, तो फिरवून "पिकअप वाढवून देणारे" आहेत, त्यांच्यापासून लांब.

डोंगल घेतलाच असेल तर लाइव्ह डेटा बघा. मॅप सेन्सरचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजतो तो) रीडिंग, इंजिन बंद आणि चावी ऑन असताना, बाहेरच्या हवेच्या दाबाएवढं पाहिजे. चिपळूणला १०० किलोपास्कलच्या आसपास, इथे कराडला ९४-९५, महाबळेश्वरला गेलात तर ८६ च्या आसपास. इंजिन बंद असताना १२० दाखवत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय. मग मोकळ्या रस्त्यावर, शेजारी कोणीतरी मोबाइल धरून बसलेलं असताना (एकट्याने करू नका, आमच्याकडे अशा गाड्या पण येतात), तिसऱ्या गिअरला दीड हजारावरून पूर्ण एक्सलेटर. अडीच हजाराला हे रीडिंग दोनशेच्या वर गेलं पाहिजे. दीडशेला रेंगाळतंय तर गळती किंवा व्हॅक्यूम. साध्या ॲपमध्ये हा आकडा २५५ च्या वर दाखवायची सोयच नसते, त्यामुळे २५५ ला चिकटला म्हणून सेन्सर बदलायला जाऊ नका.

ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व, पण याच घरातला. तो उघडा अडकला तर जळलेला धूरच परत इंजिनात जातो, ताज्या हवेला जागा राहत नाही, काळा धूर आणि सुस्ती. पण ईजीआरची सुस्ती सगळीकडे जाणवते, सिग्नलवरून निघताना पण, फक्त घाटात नाही. १ लाख ३८ हजारावर तो साफ करून घ्यायला हरकत नाही, इनटेक मॅनिफोल्ड उघडलं तर आतला कार्बन बघून घाबराल, डांबरासारखा थर असतो, पाइप निम्मा बुजलेला. पत्रा लावून ईजीआर बंद करायचा जुगाड करू नका, दिवा लागतो आणि पीयूसीच्या दृष्टीने पण चूक आहे.

आता इंधनाची बाजू. तुमच्या गाडीला ती कमी शक्यतेची आहे, पण लोकांना धूर नसलेला प्रॉब्लेम जास्त असतो म्हणून लिहितो, आणि इथे मी स्वतः तोंडावर आपटलेलो आहे. नऊ-दहा वर्षांपूर्वी एक गाडी आली, घाटात दम सोडते, धूर नाही, कोड पी००८७. रेल प्रेशर बघितलं, आयडलला तीनशे बार, ठीक. चढावर ईसीएम मागतोय बाराशे आणि मिळतंय आठशे. फिल्टर नवा होता. मी रिटर्न टेस्ट केली, म्हणजे चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या सलाइनच्या नळीने चार बाटल्यांत सोडायच्या, दोन-तीन मिनिटं गाडी चालू ठेवायची आणि बाटल्या शेजारी ठेवून बघायच्या. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा दुपटीने भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. माझ्या बाटल्यांत एक थोडीशी जास्त होती. थोडीशी. पण मला उत्तर हवं होतं आणि मी ते त्या बाटलीत बघितलं. इंजेक्टर बदलला, पैसे घेतले, गाडी गेली आणि चौथ्या दिवशी परत आली.

दुसऱ्यांदा मी मालकाला नीट विचारलं, जे पहिल्यांदा विचारायला पाहिजे होतं: दम सोडल्यावर तुम्ही काय करता? म्हणाले, पाच-दहा मिनिटं बाजूला उभी करतो, चहा पितो, मग परत एकदम नवीन गाडीसारखी चालते. तेव्हा ट्यूब पेटली. टाकी उतरवली तर आत प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, पंजाएवढा. इंजिन जास्त डिझेल ओढायला लागलं की तुकडा जाळीवर जाऊन चिकटायचा, गाडी बंद केली की ओढ संपायची आणि तुकडा सुटून खाली बसायचा. इंजेक्टरचे आणि मजुरीचे पैसे परत केले. त्या दिवसापासून "बंद करून थोडा वेळ थांबल्यावर ठीक होते का, आणि किती वेळाने" हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. चावी फिरवताच लगेच ठीक होत असेल तर ईसीएमने लिम्प मोड सोडला. पाच-दहा मिनिटं थांबावं लागत असेल तर काहीतरी चिकटतंय किंवा तापतंय. तुमचं लगेच होतं ना? म्हणून मी टाकीकडे बघत नाहीये.

बाकी डिझेलचं नेहमीचं: फिल्टर वेळेवर बदला, खालचा स्क्रू सोडून पाणी काढा, काचेच्या बाटलीत डिझेल घेऊन तासभर ठेवा, तळाला पाणी वेगळं दिसतं. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळी जोडून बघा, सलग बुडबुडे दिसले तर कुठल्या तरी वायसरमधून हवा ओढतेय. पंपावर बाटलीत विकतात ते "इंजेक्टर क्लीनर" टाकून घाटातला दम परत आलेली गाडी मी अजून बघितलेली नाही.

एक्झॉस्ट चोक झाला तरी गाडी दम सोडते, पुढचा सायलेन्सर आतून फुटून त्याचे तुकडे मागच्याला अडतात. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, तिथे शहरात कायम दोन-दोन किलोमीटर चालवलं की काजळी भरते आणि पॉवर जाते. ती जाळायला गाडी पंधरा-वीस मिनिटं साठ-सत्तरच्या स्पीडला, दोन हजाराच्या आसपास आरपीएम धरून चालवावी लागते. तुमच्या गाडीला हा विषयच नाही.

गाडी सेकंडहँड घेतली असेल आणि आधी ती चिपळूणमध्येच असेल तर एक शंका: २२ जुलै २०२१ च्या पुरात ती होती का? पुरातल्या गाड्या धुवून, सीटा बदलून विकल्या गेल्या. कनेक्टर उघडला की पिना हिरव्या पडलेल्या दिसतात आणि सेन्सर कधी खरं कधी खोटं सांगतो, नेमका पावसाळी हवेत. असा प्रॉब्लेम शोधायला मेकॅनिकपेक्षा वायरमन आणि भरपूर संयम लागतो. ब्रेकचा स्विच पण बघा या निमित्ताने, तो अर्धवट खराब असेल तर ईसीएमला वाटतं तुम्ही ब्रेक दाबलाय आणि तो डिझेल कापतो, मागे कोणाला तरी उभं करून ब्रेक लाइट न दाबताच पेटत नाही ना ते बघायचं, संपला विषय.

(पेट्रोलवाले विचारतील म्हणून एका ओळीत: तिथे सुरुवात प्लग, कॉइल, पंपाचा दाब आणि चोक झालेला कॅट (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा डबा) अशी करा, गाडी धक्के देत असेल तर मिसफायर, धक्के न देता नुसती जड असेल तर कॅट किंवा पंप.)

आणि टर्बो खरंच गेला असेल तर कसं ओळखायचं. फिल्टरकडचा पाइप काढा, आतला पंखा दिसेल. पात्या घासलेल्या, मोडलेल्या, वाकलेल्या आहेत का बघा. शाफ्ट दोन बोटांत धरून वर-खाली हलवला तर किंचित हलतो, ते नॉर्मल आहे, तिथे ऑइलचा थर असतो, इथेच बरेच जण "बघा किती प्ले आहे" म्हणून फसवतात. तोच शाफ्ट पुढे-मागे, म्हणजे आत-बाहेर ओढून जाणवण्याइतका हलला, किंवा पंखा घराला घासत असेल, तर मात्र गेला. निळा धूर, ऑइल कमी होणं, इंटरकूलरमधून ओतलं तर वाटीभर ऑइल निघणं, आणि रेस केली की सायरनसारखी शिट्टी, ही पण लक्षणं. यातलं काहीही तुम्ही लिहिलेलं नाही.

तर शनिवारी सकाळी गाडी थंड असताना एवढं करा: कोड वाचून फ्रीज फ्रेमचा फोटो काढा, खालचा इंटरकूलर पाइप काढून वाकवून बघा, आणि दांडी हलते का बघा. माझा अंदाज पाइपावर आहे, दुसरा नंबर व्हॅक्यूमच्या नळीचा. गॅरेजवाल्याला रागवायला जाऊ नका, पण त्याला विचारा की बूस्ट किती आला आणि शाफ्टचा प्ले आत-बाहेर किती होता. आकडा सांगू शकला तर त्याचं ऐका. तपासणीचे वेगळे पाचशे-हजार मागितले तर खुशाल द्या.

आणि सगळं करून शेवटी टर्बोच निघाला तर नुसता टर्बो बदलू देऊ नका. त्याला ऑइल नेणारी बारीक लोखंडी नळी नवीन टाकायला लावा, ती कार्बनने बुजलेली असते आणि बरेच टर्बो तिच्यामुळेच मरतात. ऑइल आणि फिल्टर नवीन, इंटरकूलर उतरवून आतलं ऑइल धुवून काढायचं, नाहीतर तेच ऑइल इंजिन ओढून घेतं आणि चावी काढली तरी गाडी बंद होत नाही, एकदा माझ्या गॅरेजमध्ये झालंय, चौथा गिअर टाकून ब्रेक दाबून क्लच सोडून मारावी लागली होती.